वयाचा रकाना

स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली की पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्यालगतच्या अभ्यासिकांमध्ये मुलं आधी पदं किती ते पाहतात आणि पाठोपाठ वयाचा रकाना. किमान किती, कमाल किती, आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं. मग कुणीतरी बोटांवर महिने मोजायला लागतं. कुणी थोड्या दिवसांनी बाद होतं, कुणाच्या हातात आणखी एक अटेम्प्ट उरतो. ‘माझं वय निघून चाललंय’ हे वाक्य मी तिथे तिशी ओलांडलेल्या मुलांकडून ऐकलं आहे आणि जेमतेम तेविशीतल्या मुलींकडूनही. तेविसाव्या वर्षी माणसाचं नेमकं काय निघून जात असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. म्हणून या रकान्याचा माग काढत मागे जावंसं वाटलं. तो कुणी आखला, कशासाठी आखला आणि आपल्या मनात इतका खोल कसा उतरला, हे कळलं तर त्याची धास्ती थोडी तरी कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

पेशवाईपर्यंत मागे गेलं तर हा रकाना सापडत नाही. कुलकर्ण्याचा मुलगा बापाच्या हाताखाली मोडी गिरवत, जमाखर्च शिकत मोठा होई. वतन घराण्यात चालत येई. तो कितव्या वर्षी कामाला लागला हे लिहून ठेवायची गरज कुणाला पडत नसे. अर्थात त्या व्यवस्थेत जात आणि घराणं यांनीच बहुतेकांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्यामुळे तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. एवढंच नोंदवायचं की दार बंद करायला वयाचा उपयोग तेव्हा कुणी केला नव्हता.

तो सुरू झाला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून. कंपनीचे ‘रायटर’ म्हणजे कारकून अगदी कोवळ्या वयात बोटीवर चढत. वॉरन हेस्टिंग्ज कलकत्त्याला उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७९६ मध्ये आला तेव्हा सोळा वर्षांचा. हाच पुढे पुण्यात रेसिडेंट झाला आणि १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर. नेमणूक कंपनीच्या संचालकांच्या ओळखीने होई. लहान वयात मुलगा हाताशी आला की त्याला हवा तसा घडवता येतो, असा साधा व्यापारी विचार त्यामागे होता. १८०६ मध्ये या मुलांसाठी कॉलेज निघालं, ते पुढे हेलीबरीला गेलं, तरी प्रवेश शिफारशीनेच मिळत राहिला.

१८५३ च्या सनदी कायद्याने शिफारस मोडली आणि खुली परीक्षा आणली. १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने तिचा आराखडा केला, १८५५ मध्ये पहिली परीक्षा लंडनला झाली. वयाची अट होती १८ ते २३. या २३ मागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समितीला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे पदवीधर हवे होते. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला परीक्षेला बसता यावं एवढी वरची मर्यादा ठेवायची आणि त्याहून मोठा माणूस नव्या मुलखात रुजायला उशीर करेल म्हणून तिथेच थांबायचं, असा तो विचार. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाला बेतून कापलेली ही मर्यादा होती. माणूस केव्हा पिकतो, केव्हा शहाणा होतो, असला कोणताही शोध तिच्यामागे नव्हता.

पुढच्या बारा वर्षांतच ती दोनदा खाली आली. १८६० पासून २२ आणि १८६६ पासून २१. मधल्या काळात, १८६३ मध्ये, सत्येंद्रनाथ टागोर हे उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी उमेदवार ठरले. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू मुंबई इलाख्यात नोकरीला आले, मराठी शिकले, तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि साताऱ्याला न्यायाधीश असताना निवृत्त झाले.

मग आलं १८६९ साल. त्या वर्षी लंडनच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागल्यावर परीक्षा घेणाऱ्या आयोगाने सुरेंद्रनाथ आणि ठाकूर या दोघांच्या वयाबद्दल शंका काढली. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. कलकत्ता विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या अर्जात त्यांनी वय सोळा लिहिलं होतं. त्या नोंदीप्रमाणे हिशेब केला तर १८६९ मध्ये ते एकविसाच्या पुढे जात होते. खरं पाहता त्यांनी काहीच खोटं लिहिलं नव्हतं. आपल्याकडे चालू वर्ष सांगायची रीत. पंधरा पुरी होऊन सोळावं लागलं की माणूस वय सोळा सांगणार. आजही गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना नातवाचं वय विचारा, ती लागलेलं वर्षच सांगतील. इंग्रज पुरी झालेली वर्षं मोजत होते. आयोगाने दोघांची नावं यादीतून काढली.

सुरेंद्रनाथ क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. हिंदुस्थानात वय कसं मोजतात याचे पुरावे इकडून तिकडे गेले. अखेर आयोगाला माघार घ्यावी लागली आणि दोघांची नावं पुन्हा यादीत आली. हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. एकच माणूस, एकच जन्मवेळ. मोजायची रीत बदलली की तो ‘वयात बसणारा’ होतो किंवा ‘वय उलटलेला’. त्याच्या अभ्यासात, बुद्धीत, उमेदीत तसूभरही फरक पडलेला नसतो.

नोकरी मिळाली, पण फार टिकली नाही. १८७४ मध्ये सुरेंद्रनाथांना बडतर्फ केलं गेलं. तेव्हा ते पंचविशीत होते, आणि ज्या एका ध्येयासाठी समुद्र ओलांडला, कोर्टाची पायरी चढले, ते हातातून गेलं होतं. पुढची पन्नास वर्षं ते शिक्षक, संपादक आणि देशातले एक अग्रणी नेते म्हणून जगले. १८७६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर इंडियन असोसिएशन काढली आणि त्याच सुमारास लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरीने वयाची कमाल मर्यादा २१ वरून थेट १९ वर आणायचा निर्णय घेतला.

लंडनमध्ये या परीक्षेचे खासगी क्लास तोवर जोरात होते. वॉल्टर रेन या गृहस्थांचा क्लास तर नावाजलेला होता. घोकंपट्टी करून घेणाऱ्या या क्लासच्या तावडीतून परीक्षा सोडवायची, शाळेतून बाहेर पडलेला मुलगाच उचलायचा आणि नंतर त्याला विद्यापीठात ठेवायचं, असं या कपातीचं समर्थन केलं गेलं. इंग्रज मुलांपुरतं ते कदाचित खरंही असेल. हिंदी मुलांसाठी त्याचा अर्थ उघड होता. पुण्याच्या किंवा कलकत्त्याच्या मुलाने सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडायचं, साता समुद्रापलीकडे जायचं, ज्या ग्रीक-लॅटिनला भरघोस गुण होते ती शिकायची आणि एकोणिसाच्या आत परक्या भाषेत तिथल्या मुलांना हरवायचं. १८७८ पासून ही मर्यादा लागू झाली आणि परीक्षेतून निवडले जाणारे हिंदी तरुण अगदी मोजके उरले.

सुरेंद्रनाथ देशभर फिरले. उत्तर हिंदुस्थानात, मग मुंबई इलाख्यात आणि दक्षिणेत. ठिकठिकाणी सभा झाल्या. एकाच प्रश्नावर सगळ्या प्रांतांतली सुशिक्षित माणसं एकत्र येण्याचा तो पहिला मोठा प्रसंग, आणि प्रश्न होता वयाच्या अटीचा. १८७९ मध्ये लालमोहन घोष अर्ज घेऊन इंग्लंडला गेले. डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, खरं तर पुण्यात भरायचं होतं, पटकीच्या साथीमुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवावं लागलं. तिथल्या ठरावांतही ही मागणी आहे: परीक्षा हिंदुस्थानातही घ्या आणि वयाची मर्यादा निदान २३ करा. त्यानंतर एचिसन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने वयापुरती तशी शिफारस केली आणि १८९२ पासून मर्यादा पुन्हा २३ झाली. हिंदुस्थानात परीक्षा व्हायला मात्र १९२२ साल उजाडलं. पहिली अलाहाबादला झाली.

हे सगळं एका बाजूला चालू असताना कोकणात, मुरूडला, धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा वेगळ्याच बाजूने या रकान्यावर आपटला होता. साल १८७५. मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली की शाळामास्तरकी किंवा कारकुनी मिळे, आणि परीक्षेला बसायला सतरा वर्षं पुरी लागत. केंद्र होतं साताऱ्याला. पावसाळ्यात, ऐन मुसळधारेत, घाट चढून कर्वे आणि त्यांचे सोबती सुमारे ११० मैल पायी चालत साताऱ्याला पोहोचले. कर्व्यांना सतरा पुरी झालेली होती. पण चणीने लहान, दिसायला त्याहूनही लहान. परीक्षा घेणाऱ्या मंडळींना ते पटेना. हा मुलगा सतराचा दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिलं नाही. आल्या वाटेने परत. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्त’मध्ये त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही त्या नकाराचा घाव त्यांच्या लिहिण्यात जाणवतो.

१८६९ मध्ये एक जण कागदावर मोठा ठरला म्हणून बाद, १८७५ मध्ये दुसरा डोळ्यांना लहान दिसला म्हणून बाद. कर्व्यांचं पुढचं आयुष्य मी इथे थोडं सावकाश सांगणार आहे, कारण घाईत असलेल्या तरुणांना सांगण्यासारखं माझ्याकडे त्याहून चांगलं काही नाही. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. सत्येंद्रनाथ टागोर आयसीएस झाले ते एकविसाव्या वर्षी, त्याहून दोन वर्षं मोठे असताना कर्वे शाळेतून बाहेर पडत होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. १८८४ मध्ये. मग मुंबईत शिकवण्या, शाळांतून गणित शिकवणं. १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, वय तेहेतीस. त्याच वर्षी पत्नी गेली. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी हिंगण्याला जायचं, आश्रमाची कामं करायची, सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत हिंडायचं, अशी वर्षानुवर्षं गेली.

आणि महिला विद्यापीठ? ते १९१६ मध्ये निघालं. कर्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. आज महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारी ज्या वयात नारळ आणि शाल घेऊन घरी जातो, त्या वयात त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या कामाला हात घातला. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचं नाव मिळालं. १९५८ मध्ये भारतरत्न, शंभराव्या वर्षी. कर्व्यांना १०४ वर्षांचं आयुष्य मिळालं म्हणून हे जमलं, असं कुणी म्हणेल. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ काढताना आपण शंभरी गाठणार आहोत हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

रकान्याबरोबर त्याला लागणारा पुरावाही आला. वय सिद्ध करायला जन्मतारीख हवी आणि तारखेला कागद हवा. कर्व्यांच्या वेळी डोळ्यांनी पाहून ठरवायचे, आता शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो दाखला जरा नीट पाहा. अनुक्रमांक, रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जन्मस्थळ आणि मग जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी. महाराष्ट्रातल्या साठी-सत्तरीतल्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर तिथे एकच तारीख सापडते: १ जून. जूनमध्ये शाळा उघडायची, मूल दाखल करायला वय पुरं दाखवावं लागायचं, आई सांगायची की मोठ्या पुराच्या साली झाला, किंवा तूर काढणीच्या वेळी. गुरुजी अंदाज घेत आणि १ जून लिहून मोकळे होत. गावच्या गावं एका दिवशी जन्माला आलेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर वर्षी ३१ मे ला राज्यभर निरोपसमारंभांची झुंबड उडते. कायद्याने जन्मनोंद सक्तीची केली ती १९६९ मध्ये, आणि खेड्यापाड्यांत ती अंगवळणी पडायला पुढची अनेक वर्षं गेली. तेव्हा माणूस ‘वयात बसला’ की ‘वय उलटलं’ हे जिथून मोजायचं ती सुरुवातच अनेक घरांत गुरुजींच्या अंदाजाची होती. त्या अंदाजावर नोकऱ्या लागल्या, बढत्या झाल्या, पेन्शन ठरली.

स्वातंत्र्य मिळालं, आयसीएस गेली, आयएएस आली, रकाना मात्र तसाच पुढे आला. सुरुवातीला कमाल २४. सत्तरच्या दशकात २६. दौलतसिंग कोठारी समितीनंतर १९७९ मध्ये परीक्षेचं रूप बदललं तेव्हा २८. पुढे ३०. २०१४ पासून खुल्या गटासाठी ३२ आणि संधी सहा. उलट दिशेलाही ओढ आहेच. २००८ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने खुल्या गटासाठी २५ सुचवलं, २०१८ मध्ये नीती आयोगाच्या दस्तऐवजात २७ चा उल्लेख आला. ते झालं नाही, पण उद्या होणारच नाही असं कोण सांगणार?

हा आकडा ठेवण्याची कारणं आहेत आणि ती रास्तही आहेत. सचिवपदापर्यंत पोहोचायला तीस-एक वर्षांची नोकरी लागते, पेन्शनचा हिशेब बसवावा लागतो, वेगवेगळ्या बॅचच्या ज्येष्ठतेचा तोल ठेवावा लागतो. केंद्रातली निवृत्ती १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० झाली. शेवट पुढे सरकला तसं सुरुवातीचं टोकही पुढे सरकणं साहजिक होतं. पण ही सगळी कारणं नोकरी देणाऱ्याच्या सोयीची आहेत. त्याची सोय आपण आपल्या आयुष्याचा मापदंड म्हणून घरी आणली, तिथे खरा घोळ झाला. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा अजून सेटल नाही’ म्हणताना, शेजारच्या मुलाला पॅकेज किती ते सांगताना, तिशीच्या आत नाव कमावलेल्यांच्या याद्या वाचताना आपण नकळत त्याच रकान्यात आपल्या पोरांना उभं करतो.

याच रकान्यात एक गोष्ट मात्र अशी आहे जिचं मला मोल वाटतं. वयातली सवलत. केंद्राच्या परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं, इतर मागासवर्गीयांना तीन. हिच्याबद्दल नाक मुरडून बोलणारे भेटतात. मला ती सरकारी कागदावरची फार प्रामाणिक कबुली वाटते: सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळी सुरू होत नाही. ज्याच्या घरात पहिलंच पुस्तक तो स्वतः घेऊन आला, ज्याने आधी ऊसतोडीच्या फडावर आई-बापांबरोबर हंगाम काढले, त्याचं पंचविसावं वर्ष आणि वकिलाच्या मुलाचं पंचविसावं वर्ष कॅलेंडरात सारखं असलं तरी वाटचालीत सारखं कसं असेल? बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला शिकायला गेले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. हाती आली १९२३ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. मधली ती वर्षं वाया गेली असं कुणाला म्हणावंसं वाटेल? ध्येय न सोडता हातातलं काम करत राहणं त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी ज्याला संयम म्हणतो तो हाच.

मग आपल्याला एवढी घाई कुठून लागली? मला वाटतं तिची एक मुळी आपल्या अभिमानातच आहे. आपण मुलांना ज्ञानेश्वर सांगतो, ज्यांनी एकविशीत समाधी घेतली. शिवाजी महाराजांचं तोरणा सांगतो. टिळक-आगरकर सांगतो, ज्यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेव्हा दोघेही तेवीस वर्षांचे होते. या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण सोबत दुसरी गोष्टही सांगायला हवी. त्या शाळेतले तिसरे, विष्णुशास्त्री चिपळूणकर, १८८२ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेले. आगरकर दम्याने झिजत १८९५ मध्ये अडतिसाव्या वर्षी. पटकी, देवी, क्षय, मग १८९६ पासून प्लेग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होतं. त्यात तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचा वाटा मोठा, हे धरूनही ज्यांनी विशी गाठली त्यांनाही पन्नाशीचा भरवसा नव्हता. त्या पिढीच्या घाईला कारण होतं. त्यांना थोडक्यात सगळं उरकायचं होतं, कारण खरोखरच वेळ थोडा होता. १९५१ च्या सुमाराला आयुर्मान ३२ होतं, आज ते सत्तरीला टेकलं आहे. मरण दूर गेलं, आणि आपण मुलांना घाई मात्र जुन्या मापाची शिकवतो आहोत. पंचविशीतला आजचा मुलगा अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षं काम करणार आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलता अर्थ निघेल. संयम धरा, हा सल्ला तरुणांना द्यायला सगळ्यांत आधी ज्यांना आवडतो त्यांनाच तो सोयीचा असतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये राज्यसेवेसाठी खुल्या गटाची मर्यादा ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ केली. मागणी होती, म्हणून स्वागत झालं. पण मर्यादा वाढली तशा जागा वाढल्या नाहीत. जाहिरात वेळेवर निघेना, निघाली तर परीक्षा होईना, झाली तर निकाल अडके, निकाल लागला तर नेमणूक थांबे. मार्च २०२१ मध्ये अनेकदा पुढे गेलेली पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. ती बरोबर होती. २०२३ मध्ये शासनाला वयात आणखी दोन वर्षांची सूट द्यावी लागली, हीच त्या दिरंगाईची पावती. अडतीस वर्षं ही मर्यादा दयाळू दिसते, पण तिच्या सावलीत माणसाची दहा-पंधरा वर्षं कॉट बेसिसच्या खोलीत, मेसच्या डब्यावर आणि ‘यंदा पोस्ट निघेल’ या एका वाक्यावर जातात. केंद्राच्या परीक्षेला दर वर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते साधारण हजार जणांची. म्हणजे अर्ज करणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे, कितीही हुशार असले तरी, यादीच्या बाहेरच राहणार. त्यांनी अभ्यास कमी केला म्हणून नव्हे. जागाच तेवढ्या आहेत म्हणून.

अशा मुलाला ‘धीर धर, आणखी एक अटेम्प्ट दे’ म्हणणं हा मला संयम वाटत नाही. तो निव्वळ ताटकळणं आहे. कर्वे साताऱ्याहून परतल्यावर त्याच दारात वर्षानुवर्षं बसून राहिले नाहीत. परीक्षा त्यांनी पुढे दिली आणि मग इंग्रजी शाळेची वाट धरली, वय उलटून गेलेलं असतानाही. सुरेंद्रनाथांनी गेलेली नोकरी उराशी धरली नाही. या दोघांनी जे मोठं काम केलं ते परीक्षेच्या यादीत कुठेच नव्हतं, ते शोधायलाच त्यांची तरुण वर्षं खर्ची पडली.

म्हणून तीन विनंत्या. शासनाला आणि आयोगाला: वर्षाचं वेळापत्रक जाहीर करा आणि पाळा, तुमच्या दिरंगाईची किंमत मुलांच्या वयातून वसूल करू नका. घरच्यांना: फोनवर ‘निकालाचं काय झालं’ याच्याआधी मुलगी काय वाचते आहे, कुणाबरोबर राहते आहे, तिला आणखी काय आवडतं हे विचारा. भावकीत आणि लग्नाच्या मांडवात तिच्या वयाचा हिशेब मांडणाऱ्यांना तुम्हीच थांबवा, ती थांबवू शकत नाही. आणि अभ्यासिकेत बसलेल्या तुम्हा मुलामुलींना: किती अटेम्प्ट द्यायचे ते पहिल्याच वर्षी वहीत लिहून ठेवा, सोबत पोटापाण्याचं एक कौशल्य शिका, आणि ठरलेले अटेम्प्ट संपले की मान खाली न घालता घरी जा. पुढच्या कामाच्या अर्जात वयाचा रकाना असलाच तर तो भरा. नसेल, तर स्वतः आखू नका.